हात पदराखाली

केडगावात आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात साडेतीन वर्षांचे एक साहेब राहतात. रोज सकाळी ते पायरीवर बसतात, एक पाय पुढे करतात आणि त्यांची आई खाली बसून त्यांना बूट घालते. मग दुसरा पाय पुढे येतो. एकदा ती फोनवर बोलत होती तेव्हा साहेबांनी स्वतःच बूट ओढायला घेतला. डावा बूट उजव्या पायात, टाच बाहेर, जीभ दातांत धरलेली. मी आमच्या ओट्यावरून बघत होते आणि माझे दोन्ही हात माझ्या नकळत पदराखाली गेले.

"काकू, थंडी वाजतेय का?" आईनं विचारलं आणि विचारता विचारता वाकून बूट घालूनही टाकला. साहेबांनी भोकाड पसरलं.

"थंडी नाही गं, सवय आहे," मी म्हटलं. कसली सवय, ते ऐकायला तिला वेळ नव्हता. शाळेची रिक्षा आली होती. म्हणून इथे सांगते. दिवाळी अंक वाचणाऱ्याला निदान चकली संपेपर्यंत तरी सवड असते.

मी बालवाडीची बाई. आयुष्यभर तेच केलं, दुसरं काही येत नाही. सगळी नोकरी सांगायला बसले तर तुमचा फराळ संपेल आणि माझी नोकरी उरेल. जिथे सुरुवात झाली त्या गावाचंच सांगते, कारण पुढे मी जे काही केलं ते तिथल्या एका सकाळी ठरून गेलं होतं.

गाव देवळाली प्रवरेच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यातलं. साल बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या आधीचं. मी बावीस वर्षांची होते, नगरला बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेऊन ताजी ताजी बाहेर पडलेली. वडिलांनी नोकरीला परवानगी दिली ती एका अटीवर. बालवाडी टिकली तोवर नोकरी, बंद पडली की परत नगर आणि पाठोपाठ बोहलं. मुलगाही त्यांनी हेरून ठेवला होता. तो वाईट नव्हता, पण मला बालवाडी जास्त आवडत होती.

प्रशिक्षण देणाऱ्या आमच्या ताई बारीक चणीच्या, कडक, नऊवारी नेसणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला एका मुलासमोर बसवलं. ते मूल बाटलीला बूच लावायची धडपड करत होतं. आमच्यातल्या एकीचा हात पुढे गेला तशी ताईंनी तिचा हात धरून तिच्याच पदराखाली घातला. म्हणाल्या, "मूल काम करतंय तोवर बाईचे हात इथे. त्याला जमण्यासारखं काम तुम्ही केलंत, तर त्याच्या पानातला घास तुम्ही खाल्लात."

तुम्हाला वाटेल, बाई काहीच करत नसेल तर पगार कशाचा घेते? गावालाही तेच वाटायचं. म्हणून थोडं सांगते. काम असतं ते मुलं यायच्या आधी. खोलीत मुलांच्या उंचीच्या फळीवर गोष्टी मांडायच्या. विकतचं आमच्याकडे काही नव्हतंच. चिंचोके, हरभरे, करडई एकत्र कालवून एका परातीत, शेजारी निवडून ठेवायला वाट्या. जुन्या कापडाच्या पट्ट्या, कुणाला बटणं, कुणाला नाड्या. छोटा गडू आणि फुलपात्रं, पाणी ओतायला. भांडी घासायला राख आणि काथ्या. मूल आलं की त्याला हवं ते त्यानं उचलायचं. कसं करायचं ते बाईनं एकदा सावकाश, न बोलता दाखवायचं आणि बाजूला व्हायचं. मग बघत राहायचं. कोण कशावर अडतंय, कोण आज परवापेक्षा जास्त वेळ टिकलं, उद्या कुणासमोर काय ठेवायला हवं. मारामारी झाली किंवा कुणी चिंचोका नाकात घालायला लागलं तरच मध्ये पडायचं. ऐकायला सोपं आहे. दिवसभर हात आवरून बसून बघा म्हणजे कळेल.

ज्यांना सर्वांत आधी कळलं, आणि सर्वांत जड गेलं, त्या आमच्या कौसामावशी. बालवाडीच्या मदतनीस. गावातल्याच, चाळिशीच्या, मूलबाळ नसलेल्या आणि म्हणून गावातल्या प्रत्येक पोरावर हक्क सांगणाऱ्या. मी त्यांच्याच घरी पडवीत राहत होते. एखादं मूल बटणाशी झटत असलं की मावशींची बोटं वळवळायची. मी नजरेनं दटावलं की चिडायच्या.

"नावच मदतनीस, आन् मदत करायची न्हाई म्हंजी? ह्यो कुठला कायदा?"

"हात पदराखाली, मावशी."

"पदर फाटंल माझा एक दिस," असं पुटपुटत त्या हात आत घ्यायच्या. पण घ्यायच्या.

गावानं माझं नाव ठेवलं होतं 'बिनकामाची बाई'. एक गृहस्थ पोराला घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, ह्याला चांगला हाना. आमी काय बोलनार न्हाई." मी म्हटलं, इथे मारत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू दुकानात गेले आणि वाणी म्हणाला, मीठ ठेवत नाही. "मग शिकनार कसं ते?" असं म्हणून पोराला माघारी घेऊन गेले. चार दिवसांनी पोरगं एकटंच पळत आलं, तेव्हापासून आमचंच झालं.

दुपारी मुलं कारखाना-कारखाना खेळायची. कारखान्याचा भोंगा गावात ऐकू यायचा, त्यामुळे खेळ ठरलेला. दोन बैल, एक गाडीवान, एक काट्यावरचा माणूस आणि बाकीचा सगळा ऊस. ऊस व्हायला कुणी तयार नसायचं, त्यावरून रोज भांडण आणि रोज तेच आपसांत मिटवायचे. एका कोपऱ्यात मुलींचं घर चाले. एकदा शकू नावाच्या मुलीला न्यायला तिची आई आली तेव्हा शकू कापडाच्या बाहुलीला झोडपत होती. "मर तिकडं! कितींदा सांगू तुला? तुझ्यापायी माझा जीव जाईल!" आवाज, हातवारे, कमरेवरचा हात, सगळं आईचं. आई दारातच थबकली.

"घरी गेल्यावर तिला मारू नका हं," मी हळूच म्हटलं.

"तिला कशाला मारू, बाई? मलाच कुनी मारल्यागत झालं," ती म्हणाली आणि मुलीला कडेवर घेऊन गेली.

दिवाळी झाली आणि पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्या उतरल्या. पाटाच्या कडेला पाचटाच्या झोपड्या, त्यांच्या कोप्या, उभ्या राहिल्या. आईबाप उजाडायच्या आत उसाच्या फडात जायचे आणि कोप्यांत उरायची ती लहान पोरं, अंगावरच्या पोराला सांभाळणारं चार-पाच वर्षांचं दुसरं पोर. एका बाजूला वाहता पाट, दुसऱ्या बाजूला बैलगाड्यांचा रस्ता. मी कोप्यांवर जाऊन सांगून आले की पोरं आमच्याकडे पाठवा. गावातल्या काही बायांनी नाक मुरडलं, टोळीची पोरं आमच्या पोरांत नकोत म्हणाल्या. मी ऐकून घेतलं आणि पोरं येऊ दिली.

त्यांत मंगल होती. पाच वर्षांची, झिंज्या पिंजारलेली, कडेवर वर्षाचा भाऊ गोविंदा. ती आत यायची नाही. दारात उभी राहायची आणि बघायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. मावशी कासावीस व्हायच्या. "आत ये म्हना की तिला!"

"येईल."

"कवा? टोळी गेल्यावर?"

शेवटी एक दिवस मावशींनी न बोलता दोन्ही हात पुढे केले. मंगलनं खूप वेळ विचार केला आणि गोविंदाला त्यांच्या हातात दिलं. कमरेवरचा भार गेला आणि तिला आपल्या मोकळ्या हातांचं काय करावं तेच कळेना. ती ते बघत राहिली. मग परातीसमोर बसली आणि निवडायला लागली. कारखान्याचा भोंगा झाला, मुलं घरी गेली, ही उठेना. करडईचा शेवटचा दाणा वाटीत पडल्यावरच तिनं मान वर केली आणि हसली. मी त्या दिवशी घरी येऊन रडले. आनंदानं रडायला बावीस हे वय फार सोयीचं असतं.

एक मात्र होतं. धान्य सोडून उठली की ती पुन्हा गोविंदाची आई. त्याला भरव, त्याचं नाक पूस, त्यानं हात लांब केला की वस्तू त्याच्या हातात दे. पोराला काही मागायचीसुद्धा गरज पडायची नाही. मी तिला अडवलं नाही. तिच्यावर घरातून ते काम होतं आणि ती ते चोख करत होती.

आता आबांचं सांगायला हवं. आबा म्हणजे सरपंच. मोठी बागायत, वाद घालण्याची मोठी आवड आणि माणूस सरळ. बालवाडीची पत्र्याची खोली सोसायटीच्या आवारात होती, ती त्यांनीच दिलेली. त्यांचा नातू बाळू चार वर्षांचा, नवसाचा. घरी त्याला तहान लागली की पेला ओठाला लावायला कुणीतरी पळत यायचं. बालवाडीत पहिल्या दिवशी त्याला लघवीला लागली तेव्हा चड्डीची नाडी सोडायला कोण येतंय म्हणून तो उभा राहिला आणि व्हायचं ते झालं. तो खूप रडला. दुसऱ्या दिवशी नाडीची पट्टी घेऊन बसला. चार दिवसांत गाठ सोडता यायला लागली. आणि मग त्याला भांडी घासण्याचा छंद लागला. फुलपात्र राखेनं घासून उन्हात धरायचा, त्यात आपलं तोंड बघायचा आणि पुन्हा घासायचा.

संक्रांतीच्या आधी आबांकडे कारखान्याची काही मंडळी जेवायला होती. कुणीतरी कौतुकानं विचारलं, "काय बाळासाहेब, शाळेत काय शिकला?"

बाळू छाती काढून म्हणाला, "भांडी घासाया!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आमच्या दारात.

"बाई, आमच्या घरी भांडी घासाया दोन बाया हायेत. तिसऱ्याची गरज न्हाई."

मी समजावायला गेले. त्यांनी हात वर केला. "इतकं म्हैनं झालं. एका पोराला अ काढता येत न्हाई. पाढं न्हाई, बाराखडी न्हाई. तुमी नुसत्या हात गुंडाळून बसता म्हनं. सोसायटीचं खत यायचंय, ठिवाया जागा न्हाई. करीच्या दिशी पंचांना घिऊन येतो. पोरांनी बाराखडी म्हनून दाखवली तर बालवाडी. न्हाईतर खोली खताला."

आबांची पाठ वळताच मावशी म्हणाल्या, "करीच्या दिशी? त्या दिशी कुनी चांगलं काम काडत न्हाई, आन् ह्यो निकाल लावनार!"

संक्रांतीला आठवडा होता. आठवड्यात चार-पाच वर्षांच्या पोरांकडून बाराखडी घोकून घेणं काही अवघड नाही. पोपटही म्हणतो. मावशी रोज विनवत होत्या, "आठ दिस म्हनून घ्या, बाई. मग ऱ्हाऊ द्या तुमचं पदराखाली." खरं सांगते, मी एकदा फळ्यासमोर उभी राहिले, मुलांना गोळा केलं आणि तोंडही उघडलं. समोर मंगल होती. परात अर्धी सोडून आली होती, कारण बाईनं बोलावलं. तिची मान मागे, परातीकडे. मी म्हटलं, "काही नाही रे, जा. आपापलं करा." पाटाच्या कडेला बसून राहणारी ही पोरगी हाताला काम मिळालं म्हणून इथे येत होती. खोली वाचवायला तिचं तेच काम मोडायचं, तर खोली कशाला हवी? पण खोली गेली तर ती पुन्हा पाटाच्या कडेला, हेही होतंच. त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही.

संक्रांत झाली. गावानं मला तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हटलं, पण डोळ्यांत 'जाणार ही' असं दिसत होतं.

करीच्या दिवशी मी जरा लवकरच निघाले आणि बालवाडीच्या दारात पाय टाकला तो तसाच मागे घेतला. मावशी पहाटेच उठून गेल्या होत्या. पाव्हणे यायचे, मग घर कसं ठेवायचं हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? त्यांनी खोली सारवली होती, दारात रांगोळी घातली होती. तेवढं ठीक होतं. पण परातीतलं सगळं धान्य निवडून वाट्यांत भरलं होतं. पट्ट्यांची सगळी बटणं लावली होती, नाड्यांना फुलं काढावीत तशा गाठी मारल्या होत्या. फुलपात्रं घासून, पाण्यानं भरून, ओळीनं मांडली होती. मुलांनी करायचं म्हणून ठेवलेलं एकूण एक काम मावशींनी उरकून टाकलं होतं. आणि हसतमुखानं मध्ये उभ्या होत्या.

"कसं हाय, बाई?"

तेवढ्यात मुलं आली आणि त्यांच्यामागोमाग आबा, दोन पंच आणि तमाशा बघायला निम्मा गाव.

मुलं इकडून तिकडे फिरली. फळीपाशी गेली, परत आली. हात लावायला काही उरलंच नव्हतं. शकूनं कुणाला तरी चिमटा काढला. ते रडलं. कोपऱ्यात दोघं ढकलाढकली करायला लागले. इतक्या दिवसांत कधी नव्हता असा गलका झाला. आबा सतरंजीवर मांडी घालून बसले, खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"हं. करा चालू."

कुणी काही चालू करेना.

"म्हना रे पोरांनो, अ..."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मागून एक आवाज आला, "मला शू लागली." पंचांतले एकजण मोठ्यानं हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला ती खोली खताच्या पोत्यांनी भरलेली दिसली. वासासकट.

तेव्हा मंगल पुढे आली. तिनं गोविंदाला मावशींच्या हातात दिलं, फळीवरून एकेक वाटी उतरवली आणि चिंचोके परातीत ओतले. त्यावर हरभरे. त्यावर करडई. दोन्ही हातांनी खालवर करून सगळं कालवलं.

"अगं अगं! पहाटपासनं बसलीया मी!" मावशी किंचाळल्या.

"ए पोरी, काय करतीस?" आबा गरजले. "निवडल्यालं कालवतीस?"

मंगलनं वळून पाहिलं. सरपंच कोण, पंच कोण, तिला काय ठाऊक? ती सरळ म्हणाली, "समदंच करून ठिवलंय. मग आमी काय नुस्तं बसावं का?"

आणि ती निवडायला बसली.

त्यानंतरचं मला अजून दिसतं. शकूनं एक पट्टी उचलली आणि सगळी बटणं काढली. दुसऱ्यानं नाड्यांची फुलं ओढून सोडली. कुणी भरलेली फुलपात्रं परत माठात रिकामी केली. मावशींची पहाट मुलांनी एकजुटीनं उधळून लावली, कुणाच्या सांगण्याशिवाय, आणि मग खोलीत शांतता पसरली. प्रत्येक जण आपापल्या कामाला लागला होता. पंच एकमेकांकडे बघत होते. मी माझे हात पदराखाली घेतले.

बाळू आजोबांना बघून आधी मावशींमागे लपला होता. आता बाहेर आला. आलेल्याला पाणी द्यायचं ही आमच्याकडची रीत होती, आणि ज्याला वाटेल त्यानं द्यायचं. त्यानं ओगराळ्यानं माठातलं पाणी गडूत घेतलं. एका हातात गडू, एका हातात फुलपात्र, नजर पाण्यावर, पाय मोजून टाकल्यासारखे. आबांसमोर येऊन तो खाली बसला, फुलपात्र जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी गडू तिरका केला. पहिली धार बाहेर गेली.

"आन इकडं, सांडशील," म्हणत आबांचा हात पुढे आला.

"आबा, हात!"

आवाज कौसामावशींचा होता. सरपंच समोर आले की डोक्यावरचा पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करणारी ती बाई.

आबांना कळेना. "काय?"

"हात आत घ्या. पोरगं करतंय न्हवं? करू द्या. आमच्यात हात पदराखाली ठिवत्यात."

"मला कुठाय पदर?"

"उपरनं हाय की!"

आबांनी मावशींकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं पुढे ओढलं आणि दोन्ही हात त्याखाली घेतले. ते बघून शेजारच्या दोन्ही पंचांनीही मुकाट्यानं हात काखेत घातले.

बाळूची दुसरी धार फुलपात्रात पडली. काठाच्या जरा खाली त्यानं गडू सरळ केला. मग उठला, फडकं आणलं, सांडलेलं पुसलं, फडकं पिळून जागेवर वाळत टाकलं. परत आला आणि फुलपात्र दोन्ही हातांनी आजोबांपुढे धरलं.

आबा पाणी प्याले. बाळूनं रिकामं फुलपात्र घेतलं, कोपऱ्यात जाऊन राखेनं घासलं, विसळलं, दारात उन्हाला धरून बघितलं आणि परत आला.

"अजून पायजे?"

"आन," आबा म्हणाले.

पुन्हा गडू, पुन्हा धार. या खेपेला एक थेंब सांडला नाही. आबांनी ते पाणीही संपवलं आणि म्हणाले, "आन अजून." तहान कसली, पौष महिन्यातली सकाळ. पण आबा पाणी पीत राहिले आणि ज्याच्या ओठाला पेला लावायला घरी माणसं पळत होती ते पोरगं आणत राहिलं. आबांचे हात फक्त फुलपात्र घ्यायला बाहेर यायचे आणि परत उपरण्याखाली जायचे.

शेवटी ते उठले. मंगलच्या परातीपाशी थांबले. तिनं वर पाहिलं नाही, तिचं काम संपायचं होतं. आबांनी तिला ओलांडलं नाही, वळसा घालून गेले. दारात येऊन मला विचारलं, "आन् बाराखडी?"

"हात आणि चित्त जागेवर आलं की पाटी जड जात नाही, आबा. शाळेत गेल्यावर बघा."

"बघतो," ते म्हणाले. मग पंचांकडे वळून म्हणाले, "खत चावडीच्या मागं ठिवा. वर पत्रं टाका चार."

झालं. एवढंच. भाषण नाही, हार नाही. मावशी आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडलो आणि मुलांनी क्षणभर वर बघून परत माना खाली घातल्या. त्यांना आमच्यापेक्षा महत्त्वाची कामं होती. त्या दिवसानंतर मला कुणी बिनकामाची म्हटलं नाही, टोळीच्या पोरांवरून कुणी नाक मुरडलं नाही, आणि वडिलांनी हेरलेल्या मुलाचं लग्न दुसरीकडे थाटात झालं. मी जेवून आले. बाळू पुढे शाळेत गेला तेव्हा मास्तरच सांगत आले की पोरगं एकदा बसलं की उठत नाही. आबांनी ते चावडीवर किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे.

हंगाम संपला आणि टोळी गेली. मंगल निरोप घ्यायला आली नाही. कोप्या मोडून लोक उजाडायच्या आत निघाले होते. पाटाच्या कडेला विझलेल्या चुली तेवढ्या उरल्या होत्या. अशी किती मुलं आमच्या हातांखालून गेली आणि पुढे फडात गेली, शाळेत गेली, कुठे गेली, ते मला सांगता येत नाही. त्याची चुटपुट आहे आणि ती जाणार नाही.

पण मंगल एकदा परत आली. पुढचं वर्ष मोठ्या दुष्काळाचं, पावसानं डोळे वटारले होते, पाथर्डीकडे प्यायला पाणी नव्हतं. टोळ्या दिवाळीचीही वाट न बघता आल्या. एका सकाळी दारात सावली पडली. मंगल उंच झाली होती, पुढचे दात पडले होते. गोविंदा कडेवर नव्हता, बोट धरून चालत आला होता. तिनं मला हाक मारली नाही की मावशींना. सरळ फळीपाशी गेली, वाट्या उतरवल्या, धान्य परातीत ओतलं, कालवलं. आणि परातीसमोर स्वतः न बसता गोविंदाला बसवलं.

गोविंदानं एक चिंचोका उचलला. हरभऱ्याच्या वाटीत टाकायला गेला. मंगलचा हात झटकन पुढे झाला, भावासाठी तिचा हात नेहमी व्हायचा तसा. आणि मध्येच थांबला.

तिला पदर नव्हता. तिनं इकडेतिकडे पाहिलं, परकराचा घोळ वर उचलला आणि दोन्ही हात त्यात गुंडाळून घेतले.

गोविंदानं चिंचोका वर धरला, वाट्यांकडे खूप वेळ पाहिलं, आणि बरोबर वाटीत टाकला.